दुपार टळेपर्यंत

सर आम्हाला फौजदारी कायदा शिकवायचे. पुढे अकराला त्यांचं कोर्ट असायचं, म्हणून तास सकाळी साडेसातचा. हातात पाण्यानं भरलेला पितळी तांब्या आणि काखेत छत्री घेऊन ते वर्गात यायचे. पुस्तक नाही, वही नाही. तांब्या टेबलाच्या अगदी कडेला ठेवायचे आणि बोलायला लागायचे.

पहिल्याच आठवड्यात बोलता बोलता त्यांचं कोपर लागलं आणि तांब्या खाली पडला. पाणी पहिल्या बाकापर्यंत आलं.

"कोणी पाडला?" सरांनी विचारलं.

"तुम्ही, सर."

"हातानं का मनानं?"

आम्ही हसलो. कोणीतरी म्हणालं, "हातानं, सर. चुकून."

"कशावरून?"

पुढच्या तासाला तांब्या पुन्हा पडला, अगदी तसाच, कोपर लागून. सर म्हणाले, "यातला एक मी मुद्दाम पाडला. सांगा कोणता." वर्गात दोन तट पडले. पोरं बाकांवर चढून वाद घालायला लागली. सर मात्र खिडकीबाहेर बघत होते. गलबला ओसरला तसं ते म्हणाले, "दोन्ही वेळचा आवाज सारखाच होता ना? मेलेल्या माणसाच्या वाट्याला तेवढाच येतो."

कोणता तांब्या मुद्दाम पाडला होता ते त्यांनी तीन वर्षांत सांगितलं नाही. निरोपसमारंभात एकानं हात जोडून विचारलं, तेव्हा म्हणाले, "आता मलाच आठवत नाही." आम्हाला तो विनोद वाटला होता.

सनद मिळाल्यावर मी त्यांच्याकडेच ज्युनिअर म्हणून लागले. वर्ध्यात स्टेशनच्या पलीकडे त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत ऑफिस, मागच्या खोलीत स्वयंपाक आणि बाज. लग्न केलेलं नव्हतं. उंच, वाळलेला माणूस. काळा कोट कोपरांवर करडा पडलेला. ज्युनिअर असो, मुन्शी असो की चहा आणणारा, सगळ्यांना ते 'विद्वान' म्हणायचे. कोर्टात वकील एकमेकांना विद्वान मित्र म्हणतात, त्यातला मित्र त्यांनी कधीतरी गाळून टाकला होता.

त्यांच्या कपाटातली एक गोष्ट मला फार दिवस खटकत होती. बाकीचे वकील फाइलीवर पक्षकाराचं नाव लिहितात. सर गेलेल्या माणसाचं नाव लिहायचे. पक्षकार जिवंत, जामिनासाठी दारात बसलेला, आणि त्याची फाइल मात्र त्यानं ज्याला मारलं म्हणतात त्याच्या नावानं. मुन्शी वैतागायचा. मी एखादी फाइल मागितली की आतून ओरडायचा, "म्याडम, कोणती? कुऱ्हाडीवाली का इहिरीतली?"

"हे असं का, सर?" मी एकदा विचारलं.

"पक्षकार येऊन बसतो, रडतो, पाणी मागतो. त्याला विसरायची सोय नाही. हा येत नाही. याचं नाव लिहिलं नाही तर हा केसमधून निघून जातो. मग आपण कोणत्या गोष्टीबद्दल बोलतोय तेच राहत नाही."

संध्याकाळी घरी निघताना त्या कपाटाकडे माझी पाठ होत नसे. मी उलट्या पावलांनी दारापर्यंत यायची. मुन्शीही तसाच निघायचा, हे मला नंतर कळलं.

घटनास्थळी सर स्वतः जायचेच, आणि गुन्हा ज्या वेळेला घडला त्याच वेळेला जायचे. तिथं पोचल्यावर कोणाशी बोलायचे नाहीत. पक्षकार जिथं उभा होता तिथं उभे राहायचे आणि स्वतःशीच पुटपुटायचे, "हात इथं होता. मन कुठं होतं?" गावातली माणसं लांब उभी राहून बघायची. एकदा हिंगणघाटकडच्या एका गावात एका म्हातारीनं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "तुमचे वकील आंगात येनारे आहेत का वं?"

आणि वाटेत विहीर दिसली की ते थांबायचे. जुनी असो, बुजलेली असो, मोटरीची असो. काठाशी जाऊन वाकून आत बघायचे, मिनिटभर, आणि काही न बोलता परत चालायला लागायचे.

वर्गातला एक तास मात्र आत्ताही डोळ्यांपुढे आहे. सर न केलेल्या कृत्याबद्दल शिकवत होते. "समजा, एक माणूस पाण्याच्या काठावर उभा आहे. पाण्यात कोणीतरी बुडतंय. याला पोहता येतं. हा जात नाही. गुन्हा झाला?"

"झाला, सर!" सगळे ओरडले.

"कोणतं कलम?"

सर म्हणाले, "बाप असेल, मूल सांभाळायला ठेवलेली बाई असेल, पोहायला शिकवणारा मास्तर असेल, तर वाचवणं त्याचं कर्तव्य. नुसताच माणूस असेल तर कायदा त्याला काही म्हणत नाही. तो घरी जाऊन जेवू शकतो."

मी हात वर केला. "भाऊ असेल तर, सर?"

सरांनी हातावरची धूळ झटकली. धूळ नव्हतीच, कारण खडू त्यांनी घेतलाच नव्हता. तास संपायला वीस मिनिटं होती. छत्री उचलून ते निघून गेले. तांब्या टेबलावरच राहिला.

मी त्यांच्याकडे लागल्याच्या तिसऱ्या वर्षी आष्टीकडची ती केस आली. नावं मी कोणाचीच सांगणार नाही.

संत्र्याच्या बगीच्यावर राखणदारी करणारा चाळिशीचा माणूस. बगीच्यातच झोपडीत राहायचा. बायको वर्षभरापूर्वी तापानं गेली होती. मूलबाळ नव्हतं. सासू त्याच गावातली. मुलगी गेल्यावरही जावयाला दुपारचं जेवण तीच पाठवायची, धाकट्या मुलीच्या हातानं. मे महिन्यातल्या एका दुपारी साडेबाराच्या सुमाराला धाकटी डबा घेऊन गेली आणि त्यानं वानरं हाकलायच्या काठीनं तिच्या डोक्यात एकच घाव घातला. ती तिथंच गेली. तो स्वतः गावात चालत आला आणि पाटलाच्या ओट्यावर बसून म्हणाला, "माही बायको आलती. म्या हाकललं तिले."

धाकटीच्या अंगावर मोठीचं लुगडं होतं, हिरवं, पिवळ्या काठांचं. आईनंच कपाटातून काढून दिलं होतं, नवं होतं म्हणून.

गावात दुसरीही गोष्ट बोलली जात होती. बायको गेल्यावर त्यानं धाकटीला मागणी घातली होती आणि तिनं नकार दिला होता. सरकारी वकिलांची सगळी केस त्यावर उभी होती.

आम्ही त्याला जेलमध्ये भेटायला गेलो. बुटका, शांत माणूस. आपले हात मांड्यांखाली दाबून बसला होता. सर त्याच्याशी त्याच्याच बोलीत बोलायचे.

"ते दिसली तवा तुले काय वाटलं?"

"मेलेली बाई आली जी. दुपारचं येतेच ना. लुगडं तिचंच, चालबी तिचीच."

"बोलली काही?"

तो म्हणाला, "बोलली. 'भाऊजी, जेवून घ्या' म्हणे."

माझी पेन्सिल थांबली. बायको नवऱ्याला भाऊजी म्हणत नाही. मेहुणी म्हणते. म्हणजे समोर कोण आहे हे कळायला त्या एका शब्दात सगळं होतं.

सरांचा आवाज बदलला नाही. "मंग? भाऊजी ऐकून तुले काय वाटलं?"

"वाटलं, बहिनीचा आवाज काढून राह्यली. मले फसवाले. ते असंच करतात जी, वळखीचा आवाज काढतात. म्हनून त पयल्या हाकेले ओ देत नाई आपन." आणि मग त्यानं डोळे वर करून सरांना विचारलं, "साहेब, ते मेलेलीच होती. मेलेल्याले मारल्यानं खून कसा होते?"

जेलबाहेर आल्याबरोबर मी म्हणाले, "सर, हा खोटं बोलतोय."

"असेल."

"भाऊजी म्हणाली ती! त्याला कळलं होतं."

"हात त्याचा होता, हे नक्की आहे," सर म्हणाले. "बाकीचं बघू."

कायदा असा आहे की माणसानं सद्भावनेनं, खरी परिस्थिती चुकीची समजून काही केलं, आणि त्यानं समजलं तसं खरंच असतं तर तो गुन्हा झाला नसता, तर त्याला शिक्षा नाही. भूत समजून माणूस मारला, तर मारणाऱ्याच्या मनात माणूस मारायचं नव्हतंच. पण कायद्यातली सद्भावना म्हणजे नुसतं भाबडं मन नाही. तिच्यात काळजी आणि लक्ष धरलेलं आहे. समोर कोण आहे ते बघायची त्यानं खटपट केली का? आणि हे दाखवून द्यायचं ओझं आरोपीवर असतं.

बगीच्यात जायचं ठरलं. पुढचा मे उजाडला होता. आदल्या दिवशी सर म्हणाले, "विद्वान, हिरवं लुगडं आहे का घरी?" मी आईची हिरवी साडी नेसून आले. एसटीनं आष्टी, तिथून ऑटोनं बगीचा. झाडं ताणावर होती, म्हणजे बहार धरायला पाणी तोडलेलं. पानं मिटून, मान टाकून उभी. सावली अशी नव्हतीच. पाखरू बोलत नव्हतं. उन्हाचाच एक बारीक आवाज येतो तेवढा येत होता.

सर झोपडीच्या तोंडाशी बाजेवर बसले. हातात तशीच एक काठी. मला म्हणाले, "तारेच्या फाटकापासून चालत या. डबा डाव्या हातात. डोक्यावर पदर घ्या. अर्ध्यात आलात की तिनं म्हटलं तसंच म्हणा."

मी फाटकापासून निघाले. साधारण शंभर पावलांची वाट. जमिनीवरून झळा उठत होत्या आणि सर त्यांच्यातून हलत असल्यासारखे दिसत होते. पन्नासेक पावलांवर मी म्हणाले, "भाऊजी, जेवून घ्या."

सर उभे राहिले.

मी तशीच चालत त्यांच्यापासून चार पावलांवर आले आणि हसून म्हणाले, "सर, दिसलं का काही?" त्यांनी ओ दिली नाही. ते माझ्याकडेच बघत होते, पण मी जिथं होते तिथं नाही, थोडं खाली, माझ्या पायांच्याही खाली, जसं काही मी जमिनीत उभी होते. त्यांनी काठी दोन्ही हातांनी वर उचलली. मला पळायचं सुचलं नाही. डबा हातातून सुटला.

घाव आला नाही. सर त्या तापलेल्या मातीवर पालथे पडले. पोटावर सरपटत पुढे आले आणि काठी लांबवून तिचं टोक त्यांनी माझ्या पायांपाशी आणलं. "धर," ते म्हणाले. आवाज पोरसवदा होता, त्यांचा नव्हता. "धर आक्का. म्या आलो. धर ना वं."

काय करावं कळेना. मी खाली बसले आणि काठीचं टोक धरलं. त्यांनी ओढलं. एवढ्या वाळलेल्या माणसात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. मी गुडघ्यांवर घसटत त्यांच्यापर्यंत गेले. त्यांनी माझं मनगट पकडलं, चेहरा नीट बघितला आणि हळूच सोडून दिलं.

"तुम्ही आहात होय, विद्वान," ते म्हणाले.

झोपडीतल्या माठातलं पाणी तोंडावर मारल्यावर त्यांनी सांगितलं. ते चौदा वर्षांचे होते. मोठी बहीण विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरली. ते वर काठावर होते. हातात बांबू होता. पोहता येत होतं, गावात सगळ्यांत चांगलं.

"ती दोनदा वर आली. दोन्ही वेळेला माझ्याकडे बघितलं. माझे हात हलले नाहीत."

"तुम्ही लहान होतात, सर. घाबरलात."

"असेल. पण सकाळीच मी तिच्याशी भांडलो होतो. मर म्हणालो होतो. त्यामुळं घाबरलो की आणखी काही, ते मला सांगता येत नाही." कपड्यांची माती झटकत ते उठले. "कायदा शिकलो तो याच्यासाठीच, विद्वान. मला शिक्षा देईल असं एक कलम सापडावं म्हणून. नाही सापडलं. मी निर्दोष आहे."



खटला वर्ध्यात सेशन कोर्टात चालला. महत्त्वाची साक्ष त्या दोघींच्या आईची होती. नऊवारी लुगड्यातली, काटक बाई. सरकारी वकिलांनी तिच्याकडून मागणीचं आणि नकाराचं सगळं वदवून घेतलं. सर उलटतपासणीला उठले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"माय, दोघी पोरीयचा आवाज सारखा होता का?"

बाई म्हणाली, "हाव. चुलीजवळ बसून राहो त मलेबी समजे नाई. मोठीले हाक मारो त धाकटी ओ दे."

सर बसायला वाकले. तेवढ्यात ती पुढं म्हणाली, "पन साहेब, तवा त भर दुपार होती."

सर खाली बसले.

शेवटच्या युक्तिवादात सरांनी जुने निवाडे सांगितले, कलम सांगितलं, आणि म्हणाले, "माझ्या अशिलाला त्या क्षणी काय दिसलं हे मी छातीठोक सांगू शकत नाही. एवढंच सांगतो की त्या जागी, त्या वेळी, माणसाला दिसतं." न्यायाधीशांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

तो सुटला.

बाहेर व्हरांड्यात लोक सरांचं अभिनंदन करत होते. ती बाई गर्दीतून वाट काढत आली आणि सरांच्या समोर उभी राहिली. रागावलेली दिसत नव्हती. एखादा सरकारी कागद समजून घ्यावा तसं तिनं विचारलं, "म्हंजे माह्या पोरीले कोनीच नाई मारलं का जी?"

सरांनी तोंड उघडलं. तीस वर्षं त्यांनी पोरांना हाच विषय शिकवला होता. तोंड तसंच उघडं राहिलं. बाई थोडा वेळ थांबली आणि पदर सावरत जिना उतरून गेली.

त्यानंतर सरांनी नवं वकीलपत्र घेतलं नाही. असलेल्या केसेस संपवत आणल्या. वर्गात जाणं तेवढं चालू ठेवलं, पण तांब्या नेणं बंद केलं.

आठेक महिन्यांनी तो माणूस ऑफिसात आला. सुटल्यावर तो पुन्हा त्याच बगीच्यात राखणीला लागला होता. मी होते तिथं. हात शर्टाच्या आत पोटाशी धरलेले.

"साहेब, आता दोघी येतात," तो म्हणाला.

मुन्शी उठून बाहेर गेला.

"पयले एकच ये. आता दोघी. उन्हाळा लागला का येतात, बारा वाजले का. सारख्याच दिसतात. साहेब, एखांद्या दुपारी खरीखुरी कोनी बाई आली त? पानी मागाले, रस्ता पुसाले? मले कसं समजन? हे हात माहं आयकत नाई. कोनीतरी धरून ठेवा यायले."

"बगीचा सोडून दे," मी म्हणाले. "दुसरीकडं काम बघ."

"दुसरीकडं गेलो त गर्दीत बाया जास्त, म्याडम. तिथं काय करू? इथं निदान कोनी येत नाई."

त्याला नागपूरला मनाच्या डॉक्टरकडे नेलं. सर स्वतः घेऊन गेले. गोळ्या सुरू झाल्या. त्यामुळं झोप लागायला लागली. दुपारचं येणं थांबलं नाही.

मग कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि सर आष्टीत खोली घेऊन राहायला गेले. रोज अकराला छत्री घेऊन बगीच्यात जायचे, बाजेवर त्याच्यासमोर बसायचे आणि बारा ते दोन त्याचे दोन्ही हात आपल्या हातात धरून ठेवायचे. आष्टीचे लोक सांगायचे, दोघं काही बोलत नाहीत म्हणून. एका उन्हाळ्यापुरतं असेल असं मला वाटलं होतं. सर चार उन्हाळे गेले. वर्ध्याच्या बाररूममध्ये लोक हसायचे. सुटलेल्या आरोपीची शिक्षा वकील भोगतोय, म्हणायचे.

मधल्या काळात कायदा बदलला. जुनी संहिता गेली, नवी आली. कलमांचे आकडे सगळे उलटेपालटे झाले. आम्ही तरुण वकीलसुद्धा रडकुंडीला आलो. सरांनी नव्या पुस्तकात प्रत्येक कलमाशेजारी जुना आकडा पेन्सिलीनं लिहून मला दिला. म्हणाले, "वेड्याचा नंबर चौऱ्यांशी होता, आता बावीस झाला. वेड्याला कोणी कळवलं नाही."

पाचव्या उन्हाळ्यात सर अंथरुणाला खिळले. हृदय थकलं होतं. जिना चढायचं तर सोडाच, बोलतानाही दम लागायचा. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. मे लागायला दोन दिवस होते.

"विद्वान, तुम्ही जा."

मला राग आला. इतक्या वर्षांचा साठलेला. "सर, मी त्या माणसावर कधीच विश्वास ठेवला नाही. आजही नाही. तुमचा होता?"

"नाही," सर म्हणाले.

मी उठून उभी राहिले.

"अविश्वासही नव्हता. मी शंका ठेवली. तीच खाली पडू न देणं एवढंच तर आपलं काम." त्यांना धाप लागली. मी पाणी दिलं. थोड्या वेळानं म्हणाले, "त्याच्या दोघी मला एकदाही दिसल्या नाहीत. मला माझी दिसायची. झाडांच्या तिसऱ्या ओळीत, कमरेपर्यंत. त्याचे हात धरलेले असायचे, म्हणून मला उठता यायचं नाही. बरं होतं ते." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हाला कोणी दिसणार नाही. तुम्ही कोणाचं काही केलेलं नाही. जा."

मी गेले. वाटेत दोनदा परतावंसं वाटलं. एका बाईनं त्या वाटेनं दुपारी चालत जाणं म्हणजे काय, हे मला माझ्या पायांनी माहीत होतं. म्हणून फाटकापाशीच थांबले आणि ओरडून माझं नाव सांगितलं, सरांचं नाव सांगितलं, आणि तो बाहेर येऊन "या, म्याडम" म्हणेपर्यंत पाऊल टाकलं नाही.

तो आता म्हातारा दिसत होता. सरांची तब्येत विचारली. बाजेवर समोर बसून त्यानं हात पुढे केले, रोजचं काम असावं तसे. मी धरले. कोरडे, खरखरीत हात. अकरा पन्नास झाले होते.

बारा वाजले. काही झालं नाही. सव्वाबाराच्या सुमाराला त्याच्या बोटांत बळ यायला लागलं. आधी एका हातात, मग दोन्ही. तो माझ्या खांद्यावरून मागे बघत होता. त्याची मान सावकाश फिरत होती, कोणीतरी फाटकाकडून झोपडीकडे चालत यावं तशी. माझ्या पाठीवरचा घाम गार झाला. मागं वळून बघितलं नाही. हात सुटतील अशी भीती होती, आणि दुसरीही होती.

"आल्या का?" मी विचारलं.

"हाव."

त्याची नाडी माझ्या अंगठ्याखाली उडत होती. गेली सात-आठ वर्षं जो प्रश्न माझ्या पोटात होता तो त्याच वेळेला तोंडून निघाला. विचारायला नको होता. धोक्याचा होता. पण निघाला.

"खरं सांगा. आता केस नाही, कोर्ट नाही. त्या दिवशी ती भाऊजी म्हणाली, तेव्हा ती कोण आहे हे तुम्हाला कळलं होतं का?"

मी त्याचे हात आणखी घट्ट धरले. तो मागं बघतच बोलला.

"तेच त मले समजत नाई, बाई. जेलात सरायले सांगतलं तवा खरं वाटे. मंग कोरटात वकील बोलले, जजसाहेब बोलले, सारे तेच बोलले. आता वाटते, म्या जेलात बसून जुळवलं का काय. नाईतर नसनही जुळवलं. रोज पाह्यतो मनात. काठी उचललेली दिसते. काठीच्या मांगं मी कोन होतो, ते दिसतच नाई."

पुढं काही विचारण्यासारखं नव्हतं. माझ्या बोटांना मुंग्या आल्या होत्या. त्याचे हात एकदा एवढ्या जोरानं ओढले गेले की बाज सरकली, आणि मी पाय मातीत रोवून बसले. असं दोनदा झालं. तो रडत होता की घाम होता, कळत नव्हतं.

"सोडजो नाई, बाई," तो म्हणाला.

"नाही सोडत," मी म्हणाले.

दुपार टळेपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो.